ॲलर्जीची गोळी : चिठ्ठीविना मिळते, म्हणून निर्धोक नव्हे

चैत्र महिना सुरू झाला की अक्कलकोटकडे येणाऱ्या रस्त्यांवरील वर्दळ एकाएकी वाढते. चैत्र शुद्ध द्वितीयेला श्री स्वामी समर्थांचा प्रकटदिन आणि चैत्र वद्य त्रयोदशीला पुण्यतिथी. या दिवसांत पुण्या-मुंबईपासून मराठवाड्यापर्यंतचे आणि पलीकडे कर्नाटकातील कलबुर्गी, विजयपूरपर्यंतचे भाविक येथे येतात. कोणी पायी येतो, कोणी एसटीने, तर शहरांतील अनेक कुटुंबे रातोरात स्वतःच्या मोटारीने. नेमक्या याच सुमारास सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारीची काढणी-मळणी उरकत आलेली असते, शेते उघडी पडलेली असतात आणि तापलेल्या वाऱ्याबरोबर बारीक धूळ उडत असते. ज्यांना धुळीचे वावडे आहे, त्यांच्या शिंका गाव येण्याआधीच सुरू होतात.

अशा वेळी ‘त्रास व्हायच्या आधीच एक गोळी घेऊन टाकावी’ असा विचार अनेक जण करतात आणि वाटेतल्या औषधाच्या दुकानातून गोळ्यांचे पाकीट विकत घेतात. हा विचार मुळात चुकीचा नाही. ॲलर्जीवरील काही औषधे त्रास सुरू होण्यापूर्वी घेतली तरच अधिक गुणकारी ठरतात, हे वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे. मात्र दुकानदाराने चिठ्ठी न मागता दिलेली गोळी कोणाला, केव्हा आणि किती दिवस चालते, याचा विचार प्रत्येकाने केलेला नसतो. सावधगिरी म्हणून घेतलेली गोळी धोक्याचे कारण होऊ शकते ती येथेच.

वावडे म्हणजे नेमके काय?

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली प्रथम वापरला. एरवी निरुपद्रवी असलेल्या पदार्थाला शरीर शत्रू समजू लागते, तेव्हा त्याला आपण वावडे म्हणतो. परागकण, बुरशी, घरातील धुळीत राहणारे माइट नावाचे सूक्ष्म जीव, एखादा खाद्यपदार्थ किंवा औषध यांपैकी कशाचेही वावडे असू शकते. हा पदार्थ शरीरात आला की विशिष्ट पेशींतून हिस्टामिन हे रसायन बाहेर पडते. तेच नाकात शिंका आणि पाणी, डोळ्यांत चुरचुर आणि त्वचेवर गांधी उठविते.

हिस्टामिनला आपला परिणाम घडविण्यासाठी पेशींवरील ठरावीक जागा पकडावी लागते. ती जागा औषधाने आधीच अडवून ठेवली तर हिस्टामिन बाहेर पडूनही फारसे काही करू शकत नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील डॅनियल बोव्हे यांच्या संशोधनातून १९३७ साली असे पहिले हिस्टामिनरोधक रसायन पुढे आले आणि १९५७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जागा आधी अडविण्याचा हा हिशेब लक्षात घेतला म्हणजे प्रतिबंधक गोळी त्रासाच्या आधी का घ्यायची, हेही उलगडते. नाक तासभर वाहिल्यानंतर घेतलेली गोळी उपयोगी पडते, पण उशिरा आणि कमी प्रमाणात. धुळीच्या ठिकाणी जाण्याच्या तासा-दोन तासांपूर्वी घेतलेली गोळी अधिक काम करते.

प्रत्येक शिंक ॲलर्जीची नसते

अक्कलकोटसारख्या कोरडवाहू पट्ट्यात नाकाला आणि त्वचेला त्रास देणाऱ्या गोष्टी वर्षभर बदलत राहतात. पौष-माघात तुरीची मळणी, त्यानंतर ज्वारीची काढणी, पावसाळ्यात घरातील ओलीवरची बुरशी आणि पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत पडीक रानात व रस्त्याच्या कडेला फुलणारे गाजर गवत. यांतील प्रत्येक त्रासावर एकच गोळी चालेल, असे समजणे योग्य नाही.

ज्वारी कापताना अंगाला लागणारी कूस खाज आणते. त्यात वावड्यापेक्षा त्वचेला होणाऱ्या प्रत्यक्ष घर्षणाचा भाग मोठा असतो. अंगभर कपडे घालणे आणि काम संपताच स्नान करणे हा त्यावरील खरा उपाय. मंदिरातील गर्दीत धूप, उदबत्ती आणि कापराच्या धुराने नाक चुरचुरते, तेव्हाही पुष्कळदा धुराने नाकाचे अस्तर चेतविलेले असते. त्यात हिस्टामिनचा वाटा थोडा असल्याने हिस्टामिनरोधक गोळीचा गुण येत नाही. गुण आला नाही म्हणून दुसरी आणि तिसरी गोळी घेणारा मनुष्य केवळ दुष्परिणाम पदरात पाडून घेतो.

गाजर गवताचे उदाहरण अधिक बोलके आहे. हे परदेशी तण भारतात १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि पाहता पाहता देशभर पसरले. त्याच्या परागकणांमुळे काहींना नाकाचा व दम्याचा त्रास होतो आणि तेथे हिस्टामिनरोधक गोळी मदत करते. परंतु त्याच गवताच्या संपर्काने चेहरा, मान आणि हातांवर जो चिवट त्वचारोग होतो, त्याची यंत्रणा वेगळी असते. तो संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी उमटतो आणि हिस्टामिन त्याचे मुख्य कारण नसते. गोळी घेऊन हे गवत उपटायला गेलेल्या माणसाला तो रोग टळत नाही. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला यांना तेथे पर्याय नाही.

दोन पिढ्यांच्या गोळ्या

दुकानात मिळणाऱ्या हिस्टामिनरोधक गोळ्यांच्या ढोबळमानाने दोन पिढ्या मानल्या जातात. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन आणि हायड्रॉक्सिझिन ही जुन्या पिढीतील औषधे. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत व खोकल्याच्या अनेक पातळ औषधांत यांपैकी एखादे असतेच. ही औषधे रक्तातून मेंदूत सहज शिरतात. त्यामुळे झोप येते, तोंड कोरडे पडते, दृष्टी अंधूक होते आणि लघवीला अडथळा होऊ शकतो.

सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन आणि बिलास्टिन ही नव्या पिढीतील औषधे. ती मेंदूत फार कमी शिरतात आणि त्यांचा परिणाम दिवसभर टिकतो. प्रतिबंधक वापरासाठी आज तज्ज्ञ याच पिढीतील औषधाला पसंती देतात. तरीही या सर्वांना एकाच मापाने मोजता येत नाही. सेटिरिझिन आणि लिव्होसेटिरिझिनने काहींना चांगलीच गुंगी येते, तर फेक्सोफेनाडिनने ती क्वचितच येते. लिव्होसेटिरिझिन हा सेटिरिझिनचाच कार्यक्षम अर्धा भाग आहे. म्हणून दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांतून या दोन्ही गोळ्या एकाच दिवशी घेणे म्हणजे एकाच औषधाची मात्रा दुप्पट करणे होय. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबरच घ्यावे. संत्रे किंवा सफरचंद यांच्या रसाबरोबर घेतल्यास ते पुरेसे शोषले जात नाही. आम्लपित्तावरील ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमयुक्त औषध घ्यायचे असल्यास दोहोंत सुमारे दोन तासांचे अंतर ठेवावे.

नवे औषध म्हणजे आपोआप सुरक्षित, असेही नाही. झोप न आणणारी म्हणून एके काळी गाजलेली टर्फेनाडिन आणि ॲस्टेमिझोल ही औषधे काही प्रतिजैविकांबरोबर किंवा बुरशीनाशक गोळ्यांबरोबर घेतल्यास हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवितात, असे पुढे आढळले. जगभरातून ती मागे घेण्यात आली आणि भारतातही २००३ साली त्यांवर बंदी आली. एका औषधाबरोबर आपण दुसरे काय घेत आहोत हे डॉक्टरांना सांगणे किती आवश्यक आहे, याचा तो धडा होता.

चाकामागची झापड

पुण्याहून अक्कलकोट सुमारे २९० किलोमीटर. हे अंतर रात्री मोटार चालवून कापायचे आणि पहाटेच्या काकड आरतीला पोहोचायचे, असा अनेकांचा बेत असतो. चालकाने निघताना जुन्या पिढीतील गोळी घेतली असेल, तर तो बेत सर्वांच्या जिवावर बेतू शकतो.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात याविषयी केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मोटार चालविण्याचा हुबेहूब आभास देणाऱ्या यंत्रावर चाळीस जणांची चाचणी घेण्यात आली. डायफेनहायड्रामिन घेतल्यावर त्यांचे वाहन चालविणे मद्य घेतल्यावरच्यापेक्षाही खराब झाले. फेक्सोफेनाडिन घेतल्यावर मात्र औषध नसलेल्या गोळीच्या तुलनेत फरक दिसला नाही. या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष वेगळाच होता. आपल्याला किती झोप येते आहे, यावरून चालकाला आपले वाहन चालविणे किती बिघडले आहे याचा अंदाज येत नव्हता. ‘मला गोळीने झोप येत नाही, मी गाडी चालवू शकतो’ या वाक्यावर विसंबून राहता येत नाही, असा याचा सरळ अर्थ आहे.

क्लोरफेनिरामिनसारख्या औषधाचा अंमल शरीरात बराच काळ राहतो. रात्री झोपताना घेतलेल्या गोळीची सुस्ती दुसऱ्या सकाळीही पूर्ण गेलेली नसते. त्यात मद्य, झोपेची किंवा चिंतेवरील गोळी यांची भर पडली तर परिणाम अनेक पटींनी वाढतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १८५ मद्याबरोबरच वाहनावरील ताबा सुटेल अशा औषधी अंमलाखाली वाहन चालविण्यालाही लागू होते. ज्याच्या हाती चाक आहे त्याने जुन्या पिढीतील गोळी घेऊच नये. नव्या पिढीतील गोळीसुद्धा प्रथमच घ्यायची असेल, तर ती प्रवासापूर्वी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन पाहावी.

उन्हाळ्यातला छुपा धोका

सोलापूरचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांच्या वर जातो. या उन्हात शरीर घामावाटे स्वतःला थंड ठेवते. जुन्या पिढीतील हिस्टामिनरोधके घाम कमी करतात. दर्शनाच्या रांगेत किंवा पायी वाटेवर तासन्‌तास उभे असलेल्या, पाणी कमी प्यायलेल्या वृद्धाने अशी गोळी घेतली असेल तर उष्माघाताचा धोका वाढतो. तोंड कोरडे पडणे, गोंधळल्यासारखे बोलणे आणि अंग तापूनही घाम न येणे ही लक्षणे दिसताच त्याला सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. अशा माणसाला ‘गोळीने जरा गुंगी आली असेल’ म्हणून पडून राहू देणे घातक ठरू शकते.

औषधांनाही ऊन बाधते. बंद मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवलेले पाकीट किंवा नाकाचा फवारा पाकिटावर सांगितलेल्या तापमानापेक्षा कितीतरी अधिक तापतो. औषधे सोबतच्या पिशवीत, सावलीत ठेवावीत.

नाकात मारायचे दोन फवारे

नाकात मारायच्या औषधांविषयी सर्वाधिक गोंधळ आहे, कारण दुकानातील दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांचे गुणधर्म परस्परविरुद्ध असू शकतात.

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले थेंब चोंदलेले नाक काही मिनिटांत मोकळे करतात. हे औषध प्रतिबंधक नव्हे. तीन ते पाच दिवसांपेक्षा अधिक काळ ते वापरले तर अंमल उतरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते, मग पुन्हा थेंब, आणि हे चक्र महिनोन्‌महिने चालू राहते. वर्षानुवर्षे खिशात बाटली बाळगणाऱ्यांपैकी अनेकांचा आजार आता मूळची ॲलर्जी नसून थेंबांनीच निर्माण केलेला असतो. उच्च रक्तदाब व हृदयविकार असलेल्यांनी हे थेंब डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत.

फ्लुटिकासोन, मोमेटासोन किंवा बुडेसोनाइड असलेला फवारा खऱ्या अर्थाने प्रतिबंधक असतो. त्यातील स्टेरॉइड अल्प प्रमाणात नाकातच काम करते. त्याने लगेच नाक मोकळे होत नाही आणि पूर्ण गुण येण्यास एक-दोन आठवडे लागतात. ज्यांना दरवर्षी ठरावीक हंगामात त्रास होतो, त्यांनी हंगामाच्या सुमारे दोन आठवडे आधी हा फवारा सुरू करून हंगामभर रोज वापरावा, असे तज्ज्ञ सांगतात. दोन दिवस वापरून ‘काही उपयोग नाही’ म्हणत तो टाकून देणारे आणि झायलोमेटाझोलिनचे थेंब मात्र वर्षभर वापरणारे, अशी उलटी गंगा आपल्याकडे वाहते. फवारा मारताना नळीचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने करावे. त्यामुळे नाकातून रक्त येण्याचा संभव कमी होतो. कोणता फवारा आणि किती, हे पहिल्या वेळी डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

एका गोळीत चार औषधे

सर्दी-ॲलर्जीच्या मिश्र गोळ्या सर्वांत सहज मिळतात. त्यांत साधारणतः जुन्या पिढीतील हिस्टामिनरोधक, फिनाइलएफ्रिन, पॅरासिटामॉल आणि कधी कॅफिनही असते. धुळीपासून बचाव म्हणून अशी गोळी रोज घेणाऱ्याच्या पोटात ताप नसताना पॅरासिटामॉल जाते. त्यातच अंगदुखीसाठी वेगळी पॅरासिटामॉलची गोळी घेतली, तर मात्रा नकळत वाढून यकृताला इजा होऊ शकते. फिनाइलएफ्रिन रक्तदाब वाढवू शकते. तोंडावाटे घेतलेले फिनाइलएफ्रिन नाक मोकळे करण्यास निरुपयोगी ठरते, असे मत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ साली दिले. प्रतिबंधासाठी एकाच घटकाची गोळी निवडावी, हा साधा नियम पुष्कळ घोटाळे टाळतो.

काही जण जुन्या चिठ्ठीवर मॉन्टेलुकास्ट व लिव्होसेटिरिझिन यांची मिश्र गोळी महिनोन्‌महिने आणत राहतात. मॉन्टेलुकास्टमुळे काही रुग्णांत अस्वस्थता, दुःस्वप्ने, नैराश्य, क्वचित आत्महत्येचे विचारही उद्भवतात. म्हणून अमेरिकी प्रशासनाने २०२० साली त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापण्यास सांगितले. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे आहे. मूल एकाएकी चिडचिडे झाले, त्याची झोप उडाली तर या गोळीचा विचार पालकांच्या मनात यायला हवा.

सवयीचाही एक प्रश्न आहे. सेटिरिझिन किंवा लिव्होसेटिरिझिन महिनोन्‌महिने रोज घेऊन अचानक थांबविल्यास काहींना थोड्याच दिवसांत सर्वांगाला तीव्र खाज सुटते, असा इशारा त्याच प्रशासनाने मे २०२५ मध्ये दिला. हे क्वचितच घडते. पण घडले की रुग्णाला ॲलर्जी परतल्यासारखे वाटते आणि तो पुन्हा गोळी सुरू करतो. दीर्घकाळ घेतलेली गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.

कोणी विशेष जपावे?

वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी किंवा काचबिंदूचा विशिष्ट प्रकार असलेल्यांनी जुन्या पिढीतील गोळ्या टाळाव्यात. लघवी अडून रात्री-अपरात्री रुग्णालयात धाव घ्यावी लागणाऱ्या आजोबांच्या आजारामागे सर्दीची साधी गोळी असू शकते. वृद्धांना या गोळ्यांनी तोल जाऊन पडण्याचा धोकाही असतो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास सेटिरिझिन व लिव्होसेटिरिझिनची मात्रा कमी करावी लागते. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या मातांनी कोणतेही औषध विचारूनच घ्यावे.

लहान मुलांच्या बाबतीत तर स्वतःच्या मनाने औषध देऊच नये. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे ठरावीक मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा पाकिटावर छापण्याचे निर्देश भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने अनेक बालके दगावली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले होते. तो दोष औषधाच्या भेसळीचा होता हे खरे, परंतु लहानग्यांच्या साध्या सर्दीला बहुतेक वेळा अशा औषधाची गरजच नसते, हेही तितकेच खरे. मुलाला औषध द्यावेच लागले तर ते सोबतच्या मापानेच मोजावे, घरच्या चमच्याने नव्हे. बाटली आणि पावती औषध संपेपर्यंत जपून ठेवावी.

गोळी घेऊन शेंगाची चटणी?

सोलापूरची शेंगाची चटणी प्रसिद्ध आहे. शेंगदाण्याचे वावडे असलेल्या एखाद्याला ‘आधी गोळी घे, मग थोडी चाखून बघ’ असा प्रेमाचा आग्रह होऊ शकतो. तो कधीही मानू नये. खाद्यपदार्थ, औषध किंवा गांधीलमाशीचा दंश यांच्या तीव्र वावड्यात श्वासनलिका आवळतात, रक्तदाब झपाट्याने घसरतो आणि काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. हिस्टामिनरोधक गोळी हे रोखू शकत नाही. उलट अंगावरच्या गांधी दबल्यामुळे धोक्याची पहिली खूण तेवढी झाकली जाते.

ओठ किंवा जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप लागणे, चक्कर येणे, अंगभर गांधी उठून त्याबरोबर उलट्या होणे, यांपैकी काहीही दिसले तर गोळीचा गुण येण्याची वाट पाहू नये. या अवस्थेत मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शनच जीव वाचविते. रुग्णाला आडवे झोपवावे, श्वास कोंडत असेल तर बसवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि जवळचे रुग्णालय गाठावे. अक्कलकोटमध्ये ग्रामीण रुग्णालय आहे. पुढील उपचारांसाठी सोलापूरचे शासकीय सर्वोपचार रुग्णालय सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे.

दम्याच्या रुग्णांनाही हेच सांगणे आहे. ॲलर्जीची गोळी हा रोजच्या प्रतिबंधक पंपाचा पर्याय नव्हे. प्रवासात गोळ्या आठवणीने घेणारे आणि पंप घरी विसरणारे रुग्ण नाकाला सांभाळतात आणि छातीला धोक्यात घालतात.

‘चिठ्ठीविना’ याचा अर्थ

आपल्याकडे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने ‘चिठ्ठीविना विकण्याची सुरक्षित औषधे’ असा वेगळा वर्ग केलेला नाही. नियमांतील काही अनुसूचींत जी औषधे आहेत ती चिठ्ठीवरच विकावी लागतात. उरलेली चिठ्ठीविना विकली जातात, इतकेच. क्लोरफेनिरामिनसारखी जुनी हिस्टामिनरोधके ज्या अनुसूची ‘जी’मध्ये येतात, त्या अनुसूचीतील औषधांच्या पाकिटावर ‘वैद्यकीय देखरेखीविना हे औषध घेणे धोकादायक आहे’ या आशयाचा इशारा छापणे बंधनकारक आहे. तो बारीक अक्षरांत आणि इंग्रजीत असतो, त्यामुळे वाचला जात नाही. औषध दुकानात नोंदणीकृत औषधविक्रेता उपस्थित असणे कायद्याने आवश्यक असते. गोळी घेण्यापूर्वी त्यालाच प्रश्न विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

याउलट काही ठिकाणी ‘रामबाण’ म्हणून बिननावाच्या पुड्या किंवा सुट्या गोळ्या दिल्या जातात. त्यांनी शिंका एका दिवसात थांबल्या, भूक वाढली आणि चेहरा भरला, तर त्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. असे औषध महिनोन्‌महिने घेतल्यास मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हाडांची ठिसूळता उद्भवते. ते एकदम बंद केल्यास शरीर कोसळते. नाव, घटक आणि मुदत छापलेली नसलेली कोणतीही गोळी घेऊ नये.

प्रवासापूर्वी एवढे करावे

ज्यांना आपला त्रास माहीत आहे, त्यांनी निघण्याच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांना भेटून फवारा लागेल की गोळी, हे ठरवावे. गोळी ठरली तर नव्या पिढीतील, एकाच घटकाची आणि पूर्वी घेऊन पाहिलेली असावी. पाकिटावरील औषधाचे मूळ नाव वाचावे, कारण एकाच औषधाला दुकानात अनेक व्यापारी नावे असतात. सांगितलेल्या मात्रेने गुण आला नाही तर मात्रा वाढवू नये. दोन आठवडे घेऊनही त्रास कायम असेल, एकाच बाजूचे नाक चोंदत असेल, रक्त येत असेल, ताप किंवा धाप असेल, तर निदानच चुकले असण्याचा संभव आहे आणि तपासणी आवश्यक आहे. त्वचेवरील ॲलर्जी चाचणी करावयाची झाल्यास हिस्टामिनरोधक गोळी काही दिवस आधी बंद ठेवावी लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

औषधाने विपरीत परिणाम झाल्याची शंका आल्यास ती नोंदविण्याची सोय सामान्य रुग्णालाही आहे. २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे.

आणि जे औषधाविना साधते ते आधी साधावे. धुळीच्या रस्त्यावर नाका-तोंडावर ओलसर उपरणे किंवा मास्क, मोटारीच्या काचा बंद, मुक्कामी पोहोचताच स्नान व कपडे बदलणे, उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुणे आणि खोलीत झाडूऐवजी ओला फडका, या उपायांना ना चिठ्ठी लागते, ना त्यांनी गुंगी येते. एवढे करूनही जो त्रास उरेल, त्याच्यासाठी गोळी आहे. ती योग्य माणसाने, योग्य वेळी आणि ठरलेल्या दिवसांपुरती घेतली, तर ज्या दर्शनासाठी एवढा प्रवास केला ते शिंकांविना आणि सावध मनाने घडेल.